नरकाची दारे तीन, धाकाचा पहारा एकावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘नरकाची भीती गेली आणि नीती सुटली’ हे विधान वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून डोके वर काढते. ‘नरक ही पुरोहितांची थाप आहे’ असे त्याला ठरलेले उत्तर मिळते आणि वाद तिथेच थबकतो. मधला प्रश्न दोन्ही बाजू विचारत नाहीत. भीती खरी असो वा रचलेली, ती माणसाला नेमके कशापासून रोखते? चोरीपासून, मारहाणीपासून, की खोट्या साक्षीपासून? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यावर बरेच मोजमाप झाले आहे. जुन्या ग्रंथकारांनीही त्याचा विचार आपण समजतो त्याहून कसून केला होता. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्याच पक्षाला पुरते समाधान मिळत नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाची तीन दारे सांगितली आहेत: काम, क्रोध आणि लोभ. ही तिन्ही दारे माणसाच्या आतच आहेत, हे सगळे सांगतात. त्यांच्या जाती वेगळ्या आहेत, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. लोभ हिशेब करतो. काम हिशेब करतो खरा, पण उद्याची किंमत कवडीमोल धरून. क्रोधाला हिशेबाची फुरसतच नसते. शिक्षेचा धाक हा शेवटी हिशेबातला एक आकडा आहे, त्यामुळे जिथे हिशेब चालतो तिथेच तो चालणार. नरकाच्या धाकाबद्दल आज हाती असलेला भरवशाचा पुरावा जवळजवळ सगळा लोभाच्या दाराशी गोळा केलेला आहे. इतर दोन दारांबद्दल आपण तो परस्पर लागू करतो. माझे म्हणणे एवढेच आहे. पुढे त्याचा तपशील देतो.

या वादात सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास २०१२चा, मानसशास्त्रज्ञ अझीम शरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. ६७ देशांतल्या १ लाख ४३ हजारांहून अधिक लोकांनी २६ वर्षांत जागतिक मूल्य-पाहण्यांना दिलेली उत्तरे त्यांनी घेतली आणि त्या देशांतल्या दहा प्रकारच्या गुन्ह्यांच्या दरांशी ताडून पाहिली. देशाची सुबत्ता, विषमता वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, नरक मानणारे जास्त तिथे गुन्हे कमी निघाले. स्वर्ग मानणाऱ्यांचे प्रमाण नरक मानणाऱ्यांपेक्षा जितके पुढे, तितके गुन्हे अधिक निघाले. ‘दयाळू देवापेक्षा कडक देव बरा’ असा मथळा द्यायला वर्तमानपत्रांना हे पुरेसे होते.

आता यात कुठे पाय घसरतो ते पाहू. पहिली अडचण गुन्ह्यांच्या आकड्यांची. चोरीचा आकडा म्हणजे घडलेल्या चोऱ्या नव्हेत, नोंदवलेल्या चोऱ्या. पोलिसांवर भरवसा असलेल्या देशात सायकल गेली तरी तक्रार होते, तो नसलेल्या देशात घर लुटले गेले तरी होत नाही. त्यातल्या त्यात खुनाचा आकडा विश्वासाचा, कारण प्रेत लपवणे अवघड असते. दुसरी अडचण सरासरीची. ज्या वर्गात चष्मेवाले जास्त त्या वर्गाचा निकाल चांगला लागला, यावरून पहिला आलेला मुलगा चष्मेवाला होता असे ठरत नाही. तसेच, नरक मानणाऱ्या देशात गुन्हे कमी असले तरी गुन्हा न करणारा माणूस नरकाला भिऊनच थांबला, हे त्यातून निघत नाही. तिसरी अडचण सर्वांत कमी चर्चिली जाते. शेजारशेजारचे देश एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकच चर्च, एकच भाषा, एकाच साम्राज्याचा इतिहास असलेले डझनभर देश बारा वेळा मोजणे म्हणजे एकाच घरातल्या बारा भावंडांना विचारून बारा घरांचे मत कळले असे समजणे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. तो अजून पुरता सुटलेला नाही.

शिवाय जपान आणि नॉर्वे आहेतच. दोन्हीकडे नरकावर विश्वास ठेवणारे थोडे, आणि दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला होणाऱ्या खुनांचा आकडा एकाच्याही खाली. म्हणजे नरकाच्या धाकावाचून समाज चालतो, एवढे तरी नक्की. कशाच्या आधारावर चालतो, याचा एक धागा पुढच्या प्रयोगात आहे.

२००७मध्ये शरीफ आणि आरा नोरेन्झायन यांनी लोकांना दहा डॉलर दिले आणि सांगितले की यातले हवे तितके ठेवा, उरतील ते एका अनोळखी माणसाला मिळतील. त्याआधी काहींना विस्कळीत शब्दांतून वाक्ये जुळवायला दिली होती. त्या शब्दांत देव, पवित्र, प्रेषित असे शब्द पेरलेले होते. असे शब्द न वाचलेल्यांनी अनोळखी माणसासाठी सरासरी १ डॉलर ८४ सेंट सोडले, वाचलेल्यांनी ४ डॉलर २२ सेंट. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगातला तिसरा गट मात्र कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. त्यांच्या वाक्यांत नागरिक, ज्यूरी, न्यायालय, पोलीस, करार असे शब्द होते. त्यांनी ४ डॉलर ४४ सेंट सोडले. देवाच्या आठवणीने जे साधले ते न्यायालयाच्या आठवणीनेही साधले. पुढे २०१५मध्ये इतर संशोधकांनी देवाच्या शब्दांचा हा प्रयोग अधिक मोठ्या गटावर पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसलाच नाही. जो कोणी पहिला निकाल सांगतो त्याने दुसराही सांगावा, एवढी किमान प्रामाणिकपणाची अपेक्षा.

२०११चा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. विद्यार्थ्यांना संगणकावर बेरजा करायला दिल्या. सांगितले असे की यंत्रात बिघाड आहे, काही सेकंदांत उत्तर आपोआप पडद्यावर येते. ते येऊ नये म्हणून वेळेत स्पेसबार दाबा. न दाबणे म्हणजे फुकटचे उत्तर बघणे. देव मानणारे आणि न मानणारे यांच्या लबाडीत फरक निघाला नाही. फरक निघाला तो देव कसा मानता यावर: देव रागीट, शिक्षा करणारा मानणाऱ्यांनी कमी लबाडी केली, क्षमाशील मानणाऱ्यांनी जास्त. निकाल रंजक आहे. पण पाप कोणते, तर स्पेसबार न दाबणे!

मला अधिक वजनदार वाटतो तो २०१६चा अभ्यास. आठ वेगवेगळ्या समाजांतले ५९१ लोक त्यात होते. टांझानियातले शिकारी-संकलक हाद्झा होते, फिजी आणि वानुआतूचे बेटवासी होते, सायबेरियातले तुवाचे लोक होते. खेळ असा. समोर दोन वाट्या, तीस नाणी आणि एक फासा. फाशाच्या तीन बाजू एका रंगाच्या, तीन दुसऱ्या. एक वाटी खेळणाऱ्याची किंवा त्याच्या गावकऱ्याची, दुसरी दूरवरच्या एका अनोळखी सहधर्मीयाची. आधी मनातल्या मनात एक वाटी निवडायची. मग फासा टाकायचा. एक रंग आला तर नाणे मनातल्या वाटीत, दुसरा आला तर विरुद्ध वाटीत. असे तीस वेळा. मनातली वाटी कोणती हे कोणालाच कळत नसल्यामुळे लबाडी पकडणे अशक्य. प्रामाणिक खेळात दोन्ही वाट्यांत सरासरी पंधरा-पंधरा नाणी पडतात. एखाद्याच्या वाटीत सतरा निघाली तर तो योगायोगही असेल, त्याला चोर म्हणता येत नाही. मात्र सबंध गटाची सरासरी एका बाजूला झुकली की लबाडी उघडी पडते. निकाल असा की, आपला देव सारे जाणतो आणि शिक्षा करतो असे जितके ठामपणे मानले, तितकी दूरच्या सहधर्मीयाच्या वाटीत नाणी अधिक पडली. देव बक्षीस देतो या समजुतीने हा फरक उलगडत नव्हता, शिक्षेच्या समजुतीने उलगडत होता.

धाकाच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण तो कसला पुरावा आहे तेही नीट पाहावे. मोह लहान आहे, डोके थंड आहे, हातात नाणे आहे, पाहणारा कोणी नाही. हे शुद्ध लोभाचे दार. आणि फायदा झाला तो अनोळखी असला तरी आपल्याच देवाला मानणाऱ्याचा. दुसऱ्या देवाच्या माणसाच्या वाटीत काय पडले असते, हे या खेळाने विचारलेले नव्हते.

धाक थंड डोक्यावर चालतो, याचे कारण दंडनीतीच्या अभ्यासकांना अडीचशे वर्षांपासून माहीत आहे. चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४मध्ये मांडले की शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती खात्रीने आणि किती लवकर होते यावर धाक ठरतो. पकडले जाण्याची खात्री वाढली की गुन्हे घटतात. शिक्षेची वर्षे वाढवून त्या मानाने फारसे हाती लागत नाही, ही गोष्ट त्यानंतरच्या संशोधनातही पुन्हा पुन्हा दिसली आहे. आता नरक या तीन मापांवर तोलून पाहा. कडकपणात तो कोणत्याही तुरुंगाला हार जाणार नाही. खात्रीत मात्र तो लंगडा पडतो, कारण जवळजवळ प्रत्येक धर्माने सुटकेच्या वाटा ठेवल्या आहेत. आणि तत्परतेत तर तो तळाला आहे: गुन्हा आज, शिक्षा मेल्यावर. माणसाचे मन दूरच्या तोट्याला किती कमी लेखते, हे सिगारेट ओढणाऱ्या कोणालाही विचारावे. पाकिटावरचे चित्रही याच जन्मातले असते, तरी धूर निघतोच.

अनंत शिक्षेत आणखी एक खोट आहे. प्रत्येक पापाला सारखीच, न संपणारी शिक्षा असेल तर एक पाप केल्यावर दुसरे न करण्याचे कारण उरत नाही. बुडालोच आहोत, तर हात धुऊन घेऊ. चोराला आणि खुन्याला एकच फाशी दिली तर चोर साक्षीदार मागे ठेवत नाही, हे कायदेपंडित फार पूर्वीपासून सांगत आले. धर्मशास्त्रकारांनाही ते कळले होते, म्हणूनच नरकात पायऱ्या आल्या. इटालियन कवी दान्तेच्या नरकात नऊ वर्तुळे आहेत. वासनेच्या आहारी गेलेले वर, विश्वासघातकी तळाच्या बर्फात गोठलेले. जैन परंपरेत सात नरकभूमी, आणि तिथल्या कमाल आयुष्याची मोजदाद अनुक्रमे १, ३, ७, १०, १७, २२ आणि ३३ सागरोपम. सागरोपम हे कल्पनेपलीकडचे मोठे काळमाप खरे, पण त्याला शेवट आहे आणि प्रमाण आहे. ख्रिस्ती परंपरेत ओरिजेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकात शेवटी सर्वांचा उद्धार होईल असे सुचवले. ऑगस्टीनने शिक्षा अनंतच असे ठासून मांडले. सहाव्या शतकात ओरिजेनच्या नावावरचे मत धिक्कारले गेले. हा वाद वरवर देवाच्या दयेचा दिसतो, पण त्याच्या पोटात धाक टिकवायचा कसा हा प्रश्नही होता. ओरिजेनने स्वतःच सूचित केले होते की सर्वांना हे उघड सांगणे हिताचे नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातला सव्विसावा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तिथे अठ्ठावीस नरक आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुन्हा जोडलेला आहे. दुसऱ्याचे धन, मूल वा पत्नी हिरावणाऱ्याला तामिस्र. वाटून न खाणाऱ्याला कृमिभोजन. साक्षीत, व्यवहारात वा दानात खोटे बोलणाऱ्याला अवीची; शंभर योजने उंच कड्यावरून खाली डोके करून ढकलणे. निरपराध माणसाला दंड करणारा राजा किंवा राजाचा अधिकारी सूकरमुखात उसासारखा पिळला जातो. सोने-रत्ने चोरणाऱ्यासाठी संदंश आहे, आणि तिथे ‘अनापदि’ हा शब्द आहे: म्हणजे संकट नसताना चोरणाऱ्याला. आपत्तीत सापडलेल्याचा विचार कायद्याच्या एखाद्या कलमासारखा एका शब्दात केलेला आहे. सूचीमुख मला सर्वांत सूक्ष्म वाटतो. पैशाचा ताठा, सगळ्यांवर संशय, संपत्ती जाईल या काळजीने सुकलेले तोंड, अशा माणसाचे सर्वांग यमदूत दोऱ्याने शिवतात. त्याने काय केले यापेक्षा तो कसा झाला याचे वर्णन आधी येते. शिक्षाही तशीच: जो जिवंतपणी स्वतःला शिवून घेऊन बसला होता त्याला पुन्हा शिवणे.

याच यादीत क्षारकर्दमही आहे, आणि तो नजरेआड करू नये. जन्म, तप, विद्या, वर्ण, आश्रम यांनी श्रेष्ठ असलेल्यांचा मान न ठेवणारा तिथे जातो. मद्यपानाचा नरक आहे, वेदमार्ग सोडणाऱ्याचाही आहे. म्हणजे एका हाताने यादी दुबळ्यांची राखण करते आणि दुसऱ्या हाताने उतरंडीची. कोणत्याही धर्माच्या नरकाची यादी हाती घ्यावी, तिच्यात त्या समाजाला कशाची भीती वाटत होती ते लिहिलेले सापडते. धाक नीतीचा पहारेकरी असतो तसा सत्तेचाही असतो, आणि पोशाख दोघांचा एकच.

पण खरी गंमत पुढच्या स्कंधाच्या सुरुवातीला आहे. इतके सगळे ऐकून परीक्षित राजा भारावून जात नाही, तो आक्षेप घेतो. पाप आपल्या हिताचे नाही हे पाहून-ऐकून कळलेले असते, तरी माणूस विवश होऊन पुन्हा तेच करतो. मग प्रायश्चित्ताचा उपयोग काय? कधी पापापासून थांबतो, कधी पुन्हा त्यातच जातो. हे तर हत्तीच्या अंघोळीसारखे झाले, नदीतून बाहेर आला की पुन्हा अंगावर धूळ. नरकाची सर्वांत तपशीलवार यादी देणारा ग्रंथ पान उलटताच कबूल करतो की माहितीने माणूस थांबत नाही. शुकही राजाला खोडून काढत नाहीत. कर्माला कर्माने उतारा देऊन मूळ उपटले जात नाही, असेच ते सांगतात. ‘मुलांना शाळेत नरक शिकवा म्हणजे सगळे सुधारेल’ म्हणणाऱ्यांनी हा अध्याय जरूर काढून पाहावा.

सुटकेच्या वाटांचे काय होते, याचे ठळक उदाहरण युरोपात आहे. मध्ययुगात चर्च इंडल्जन्स, म्हणजे शिक्षेत सूट देणारे पत्र, देत असे. शास्त्राप्रमाणे ती पापाची माफी नव्हती. पापाची माफी कबुलीतून मिळे, आणि उरलेल्या ऐहिक किंवा पर्गेटरीतल्या, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेतल्या, शिक्षेत इंडल्जन्सने सूट मिळे. हा फरक पंडितांना कळत होता. पत्र विकत घेणाऱ्याला एवढेच कळले की भीतीला भाव आहे. १५१७मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ सिद्धांतांचा मोठा भाग या व्यापाराविरुद्ध होता. तो नरक नाकारत नव्हता. त्याची तक्रार अशी की या पत्रांनी लोकांना खोटी निर्धास्तता येते आणि खरा पश्चात्ताप बाजूला राहतो.

शिक्षेला किंमत चिकटली की ती शिक्षा राहत नाही, हे २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात मोजलेले आहे. हैफातल्या दहा पाळणाघरांत वीस आठवडे निरीक्षण झाले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी छोटा दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायचे सोडून वाढले. आधी शिक्षिकेला खोळंबून ठेवल्याची लाज वाटत होती. आता पैसे भरल्यावर लाज कसली? पुढे दंड रद्द केला, तरी उशीर पहिल्या पातळीवर आला नाही. एकदा गेलेली लाज परत बोलावता येत नाही. पाप आणि त्याचा उतारा यांचा दर ठरवून देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला हेच भोवते.

आता क्रोधाकडे. रागाच्या भरात हात उचलणाऱ्याला त्या क्षणी नरक आठवत नाही, फाशीही आठवत नाही. यावर फार शब्द खर्च करायला नको. अधिक धोक्याचा तो थंड आणि धार्मिक क्रोध. इथे नरकाची श्रद्धा आवर घालण्याऐवजी इंधन पुरवू शकते. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद सरळ होता: खोटी नाणी पाडणाऱ्याला राजा देहदंड देतो, तर आत्म्याचे जीवन असलेल्या श्रद्धेत भेसळ करणाऱ्याला देहदंड देणे त्याहून न्याय्य. पाखंडी माणूस इतरांना अनंत नरकात लोटतो हे एकदा खरे धरले, की त्याला जाळणे ही क्रूरता राहत नाही, इतरांवरची दया ठरते. तर्कात फट नाही, गृहीतातच आग आहे. स्वतःला धर्माच्या बाजूचा समजणाऱ्यावर नरकाचा धाक चालत नाही, कारण त्याच्या मते तो नरक त्याच्यासाठी नाहीच.

आणि असे समजणारे अपवाद नसतात. २००३मध्ये बार्ना संस्थेने अमेरिकेत केलेल्या पाहणीत नरक आहे असे मानणारे दहात सात होते. आपण स्वतः मेल्यावर नरकात जाऊ असे वाटणारे अर्धा टक्का. नरक बहुतेकांना दुसऱ्यासाठी हवा असतो. दुसऱ्याला शिक्षा व्हावी ही भूक माणसात खोलवर आहे. अर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर यांच्या २००२च्या प्रयोगात, सामायिक निधीत वाटा न टाकणाऱ्या फुकट्यांना दंड व्हावा म्हणून लोकांनी पदरचे पैसे मोजले, तेही त्या माणसाशी पुन्हा गाठ पडणार नाही हे माहीत असताना. नरकाची कल्पना जगात इतक्या ठिकाणी का आढळते, याचे उत्तर मला पुरोहितांच्या कारस्थानापेक्षा इथे अधिक सापडते. गुन्हेगार अंथरुणावर सुखाने मेला, हे माणसाला सहन होत नाही.

याची दुसरी बाजू व्यवहारात महागात पडते. २०१२मधल्याच आणखी एका संशोधनात दिसले की देव जगाच्या कारभारात लक्ष घालतो असे मानणारे लोक इहलोकीच्या शिक्षेसाठी स्वतः झीज सोसायला कमी तयार असतात. ‘त्याचे तो भोगेल’ म्हटले की तक्रार अर्ज लिहायचा राहतो आणि साक्षीला जायचे टळते. अत्याचार करणारा वजनदार असेल तर हे वाक्य त्याच्या किती सोयीचे असते, ते सांगायला नको. पीडितानेच ते म्हटले तर तो त्याचा आधार आहे. शेजाऱ्याने पीडिताला ऐकवले तर ती पळवाट आहे.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला स्वर्गात आधी दुर्योधन दिसतो, मग त्याला दुर्गंधीच्या वाटेने नरकात नेतात. तिथे भावंडांचे आवाज येतात: तू जवळ आहेस तोवर आमच्या वेदना कमी होतात, थांब. तो देवदूताला परत पाठवतो आणि तिथेच राहायचे ठरवतो. द्रोणांना पुत्राबद्दल फसवल्यामुळे हे दर्शन घडले, असा खुलासा इंद्र नंतर करतो. हिशेब चुकता होतो खरा. पण थांबायचे ठरवले तेव्हा युधिष्ठिराला तो हिशेब माहीत नव्हता. नरकाची कथा सांगणाऱ्यालाच इथे धाकाच्या पलीकडचा माणूस दाखवावासा वाटला.

शेवटचा मुद्दा घरातला, आणि पत्र लिहिण्याचे निम्मे कारण तोच आहे. मुलाला नरकाची भीती घालावी का? आरोग्यप्रचारातला अनुभव इथे कामी येतो. १९५३मध्ये जॅनिस आणि फेशबाख यांनी दातांच्या निगेबद्दल सौम्य, मध्यम आणि तीव्र भीतीची अशी तीन व्याख्याने वेगवेगळ्या गटांना दिली. सर्वांत भेदरवणाऱ्या व्याख्यानानंतर सल्ला सर्वांत कमी पाळला गेला. पुढच्या अभ्यासांनी दुरुस्ती केली ती अशी: मोठी भीतीही उपयोगी पडते, पण ‘हे कर म्हणजे टळेल’ अशी नेमकी आणि ऐकणाऱ्याच्या हातातली कृती सोबत सांगितली तरच. तशी कृती नसेल तर माणूस धोका टाळण्याऐवजी भीतीच टाळू लागतो. ऐकत नाही, हसण्यावारी नेतो किंवा सांगणाऱ्यावर चिडतो. ‘खोटे बोललास तर नरकात जाशील’ या वाक्यात अशी कृती नाही. ‘ज्याची वस्तू घेतलीस त्याला ती परत दे आणि तसे सांग’ यात आहे.

काही थोड्या मुलांच्या बाबतीत भीती उलटीच फिरते. मनात नको असलेला, निंदेचा किंवा घाणेरडा विचार येतो, तो पाप वाटतो, मग प्रार्थना, हात धुणे, कबुली, पुन्हा प्रार्थना. मोजून, ठरावीक वेळा, आणि चुकले तर पहिल्यापासून. हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, धार्मिक विषय घेऊन आलेला प्रकार आहे. तो भक्ती समजून कौतुकाने वाढवला जातो. ओळखण्याची खूण अशी की मुलाला विधीने समाधान मिळत नाही, काही मिनिटांपुरती सुटका मिळते आणि शंका परत येते. इथे घरचे सर्वांत हमखास चुकतात ते ‘काही होणार नाही, देव माफ करील’ असा दिलासा पुन्हा पुन्हा देण्यात. प्रत्येक दिलासा त्या चक्राचा एक फेरा होतो, कारण शंका आल्यावर कोणीतरी हमी द्यायलाच हवी हे त्यातून पक्के होते. उपचारात उलट करतात: विचार येऊ देतात, विधी लांबवतात, आधी पाच मिनिटे, मग पंधरा, मग टाळतात, आणि भीती आपोआप उतरते हे मुलाला अनुभवू देतात. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. जुन्या कॅथलिक मार्गदर्शकांनाही ही अवस्था माहीत होती. अशा माणसाने एकच धर्मगुरू धरावा, एकदा कबूल केलेले पाप पुन्हा कबूल करू नये आणि शंका आली तरी थांबावे, असे ते सांगत. त्यांचा नरकावर पूर्ण विश्वास होता, तरीही या एका माणसाची भीती ते वाढवू नव्हे, आवरू पाहत.

आपला,
एक वाचक